आमचा खारवणाचा उद्योग

चार्लस् लॅम्बचा भाजलेल्या डुकरावरील निबंध आम्ही गेलीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. तो शिकवितांना मागच्या बांकावरील एखादा धीट विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, आपण कधीं खाल्लें आहे काय?" हा प्रश्न आम्हीं आजवर हंसून टाळला. खाण्याचें तर राहोच. आम्हीं तें मांस स्वतःच्या हातांनीं मिठांत मुरविलें आहे. ही गोष्ट ज्यांच्यापासून पंधरा वर्षें लपविली, त्या आमच्या मातोश्री आतां हयात नाहींत. तेव्हां ती सांगून टाकण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं.

१९९६ सालच्या सप्टेंबरांत आम्ही संशोधनासाठीं इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत गेलों व सत्तरी उलटलेल्या एका विधवा बाईंच्या घरीं भाड्यानें राहूं लागलों. निघतांना मातोश्रींनीं चिनी मातीची एक बरणी बरोबर दिली होती. आंत आंब्याचें लोणचें आणि तोंडाला दादरा. दिवाळीपर्यंत लोणचें संपलें. बरणी उरली.

बाई शेतकऱ्याच्या घरांत वाढलेल्या. त्या देशीं पूर्वीं बहुतेक खेडुतांच्या परसांत एक डुक्कर असे. थंडी पडली म्हणजे तें मारावें, खारवावें आणि छताच्या आंकड्यांना टांगून वर्षभर पुरवावें, अशी वहिवाट. ८ जानेवारी १९४० रोजीं बेकनवर नियंत्रण येऊन दर माणशीं आठवड्यास चार औंस मिळूं लागलें, तेव्हां आपल्या छताला मात्र आख्खा फरा लोंबत होता, हें सांगतांना बाईंचा चेहरा फुलून येई. पती वारल्यापासून त्यांनीं हा उद्योग सोडला होता, कारण मीठ चोळण्यास बोटांत बळ राहिलें नव्हतें. नोव्हेंबरांत एके सकाळीं त्यांनीं विचारलें, "तुमचे हात चार आठवडे उसने द्याल काय?" आमचें घराणें वाईचें, चातुर्मासांत कांदाहि वर्ज्य मानणारें. पण त्या गांवांत आमच्याशीं आपण होऊन बोलणारें माणूस तेवढें एकच होतें. आम्हीं होकार दिला.

पहिली अडचण सोऱ्याची. त्याच वर्षीं जूनमध्यें मँचेस्टर शहरांत मोठा स्फोट झाला होता, आणि बंदुकीच्या दारूंत शंभर भागांस पंचाहत्तर भाग सोरा असतो. औषधविक्यानें प्रथम आमच्या चिठ्ठीकडे, मग वर्णाकडे पाहिलें आणि 'नाहीं' म्हणून सांगितलें. पाटण्याच्या आसपासचा सोरा ईस्ट इंडिया कंपनीनें गलबतें भरभरून ज्या देशांत नेला, त्याच देशांत दोन चमचे सोरा मागितला तर आम्ही संशयित! दुसऱ्या दिवशीं बाई काठी टेकीत स्वतः गेल्या, तेव्हां कोठें ती पुडी मिळाली.

मीठ, तांबडी साखर व चिमूटभर सोरा यांचें मिश्रण ठेवण्यास घट्ट तोंडाचें कोरडें भांडें हवें होतें. बाईंची नजर आमच्या बरणीवर गेली. त्या क्षणीं तोंड उघडावयास हवें होतें. आम्हीं तें उघडलें नाहीं. पुढें महिनाभर मांसाला लागलेले हात त्या बरणींत जात राहिले.

खाटकाकडून पाठीमागचा एक फरा आणि कुशीचा दोन किलोंचा तुकडा आला. फऱ्याचें हॅम होतें, कुशीचें बेकन. कोठीच्या खोलींत उत्तरेच्या भिंतीशीं दगडी फळी होती; भर दुपारींहि तिला हात लावला कीं हुडहुडी भरे. हाडाच्या सांध्यापाशीं रक्त उरलें तर मांस आंतून नासतें आणि बाहेरून कळतहि नाहीं. म्हणून तेथील शीर अंगठ्यानें दाबून निपटावयाची व मिश्रण आंत कोंबावयाचें. नखें तीन दिवस चुरचुरत होतीं. चोळतां चोळतां बाईंनीं आवाज उतरवून सांगितलें कीं, स्त्रीनें मासिक अडचणीच्या दिवसांत या मांसास हात लावूं नये. १८७८ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें खुद्द डॉक्टरांनीं यावर गंभीरपणें पत्रें लिहिलीं आहेत. आमच्या घरीं लोणच्याविषयीं अक्षरशः हाच नियम! दोष मिठाचा किंवा उन्हाळ्याचा, आणि ठपका मात्र दोन्ही खंडांत बायकांवर.

तिसऱ्या दिवशीं बाई तापानें अंथरुणावर पडल्या आणि इकडे फळीवर गुलाबी पाण्याचें तळें सांचलें. आम्हीं घाबरून कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून वाईस विचारलें, "लोणच्याला फार पाणी सुटलें आहे, काय करूं?"

"कशाचें घातलें आहेस?"

"लिंबाचें."

"सुटूं दे. पाणी सुटलें म्हणजे मीठ लागलें म्हणावयाचें. ओला हात लावूं नकोस, आणि रोज वरखालीं करीत जा."

आम्हीं रोज वरखालीं केलें. बेकन दहा दिवसांत तयार झालें. हॅमला चार आठवडे लागले.

सोऱ्याचें मर्म पुढें वाचनांत आलें. मांसांतील सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट बनवितात. त्यानें मांसास तो तांबूस रंग येतो, आणि बॉट्युलिझम नांवाच्या प्राणघातक विषबाधेच्या जंतूंना आळा बसतो. या विषाचें नांवच मुळीं सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडलें आहे. इटलींतील पार्माचे लोक नुसत्या मिठावर भागवितात, पण त्यांस वर्षभर धीर धरावा लागतो. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें अशा टिकविलेल्या मांसाची गणना कर्करोगास निश्चित कारण होणाऱ्या पदार्थांत केली. बाई नव्वदीच्या घरांत पोंचल्या, हा अर्थात् पुरावा नव्हे.

नाताळाच्या दिवशीं तो फरा उकडून पानांवर आला. कडेला खारट, हाडापाशीं मऊ आणि किंचित् गोड. पहिला घास घशाखालीं उतरावयास वेळ लागला. दुसऱ्यास तितका लागला नाहीं. त्या आठवड्यांत मातोश्रींस जें पत्र लिहिलें, त्यांत चारहि पृष्ठें बर्फाचें वर्णन होतें.

१९९९ सालीं परत येतांना बरणी उकळत्या पाण्यानें चार वेळां धुतली. तरी ती घेऊन येणें बरें नव्हे, हें आम्हांस कळत होतें. पण ती कोठें गेली म्हणून विचारलें असतें तर दुसरें खोटें रचावें लागलें असतें. मातोश्रींनीं ती पाहतांच कौतुकानें पुसली आणि पुढें बारा वर्षें तींत लोणचें घातलें. देवघरांतून उठून त्याच हातांनीं त्या दादरा सोडीत, तेव्हां आम्ही वर्तमानपत्रांत तोंड घालीत असूं.

२०११ सालीं बाई वारल्याचें पत्र आलें. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं मातोश्रींस सर्व सांगितलें. त्या बराच वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ किती घातलें होतेंस?"

"दोन किलोंच्या तुकड्याला ५० ग्रॅम."

"कमीच घातलेंस," असें म्हणून त्या झोंपावयास गेल्या.

सकाळीं पाहतों तों बरणी घांसून माळ्यावर पालथी घातलेली होती. लोणचें मात्र टाकलें नव्हतें. काचेच्या दुसऱ्या बरणींत काढून नेहमींच्या जागीं ठेवलें होतें, आणि दुपारीं आमच्या पानांत त्याची फोड वाढलेली होती.