परसातलं कावळ्याचं पिल्लू



मेढ्यात पावसाच्या आधी परसात कावळ्याचं एखादं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसतंच. डोळे निळसर, चोच उघडली की आत लालभडक. पंख भरलेले असतील तर ते उडायला शिकतंय, आई-बाप तिथेच येऊन भरवतात. दिल्लीला लाल मंदिरात पाखरांचं रुग्णालय आहे, पण ते जखमी पाखरांसाठी.

यंदा आमच्याकडे आलं, तेव्हा शेजारच्या काकूंना मांजर घरात ठेवायला सांगितलं. डोक्यावर सूप धरून (कावळे टोचतात हो!) पिल्लाला पेरूच्या फांदीवर बसवलं. चोचीत पाणी मात्र ओतू नये, श्वासनळीत जातं.

सासूबाई भिजवलेली भाकरी घेऊन आल्या, तोच कावळीने पालीचं शेपूट आणून भरवलं. आपल्या परसात! सासूबाईंनी णमोकार म्हटला. "हुसकून लाव तिला."

"आई, ती गेली तर पिल्लू उपाशी मरेल. ते पाप कुणाच्या माथी?"

त्या काही बोलल्या नाहीत. पापडांचं वाळवण तेवढं उचलून गच्चीवर नेलं.

पाचव्या दिवशी पिल्लू कौलांवर होतं, तोंड वासून ओरडतच.