उडालेला रंग

आमच्या दारात २०१० सालची मारुती ८०० उभी आहे. हे मॉडेल २०१४ मध्येच बंद झाले. नांदुऱ्याच्या उन्हाने तिचा लाल रंग विटकरी करून टाकला आहे. टपावरून हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते. पंधरा वर्षांची नोंदणी संपून पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले, तेव्हा ती रंगवावी काय, हा प्रश्न उभा राहिला.

गाडी बाबांची. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. हस्तलिखितावर नवी शाई फिरवू नये, असे वर्गात सांगणारे. तोच न्याय लावून आम्ही ठरवले : गंज पत्रा खातो, तो काढावा, विटलेपण राहू द्यावे. त्यात बाबांची आठवण आहे.

आईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ह्यांनी एकही रविवार गाडी धुतल्यावाचून जाऊ दिला नाही. हा रंग ह्यांच्या गाडीचा नव्हे. हे गेल्यानंतरचा आहे."

आम्ही निरुत्तर झालो. ज्याला आम्ही जतन म्हणत होतो, ती आमचीच हेळसांड होती.

आता गाडी महामार्गावर, १०५ फुटी हनुमानमूर्तीच्या अलीकडे, एका गॅरेजात आहे. दाराच्या आतल्या कडेला, रबराखाली, मूळ लाल अजून शाबूत होता. पेंटरने तोच नमुना घेतला. रंग तोच असल्याने आर.सी. बुकात काही बदलावे लागणार नाही. ती कड मात्र रंगवू नका, एवढे आम्ही त्याला सांगून आलो आहोत.