दगडाचें वचन

आयुष्याची पुंजी परक्याच्या हातीं देतांना मनुष्य आधीं इमारतीकडे पाहतो, मीही पाहतों. लंडनच्या ‘बँक ऑफ इंग्लंड’भोंवतीं जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञानें बिनखिडक्यांची भक्कम भिंत उभारली. ती पाहून चोराला धाक आणि ठेवीदाराला धीर वाटावा! पण १८३० सालीं जोसेफ गँडीनें सोनसाठीं रंगविलेल्या चित्रांत हीच वास्तु भग्नावशेषासारखी दिसते. पुढें १९२५ पासून हर्बर्ट बेकरच्या, नव्या दिल्लीचीं सचिवालयें उभारणाऱ्या त्याच बेकरच्या, नव्या इमारतीसाठीं सोनचीं बहुतेक दालनें पाडलीं गेलीं. बाहेरची भिंत तेवढी राहिली. बँकेचा कारभार मात्र चालूच राहिला. मला वाटतें, वचन दगड देतो. पाळावें लागतें तें माणसांनाच.