चालतंय की

अम्मीच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस मी अक्कलकोट-सोलापूर अशी रोज एसटीने ये-जा केली. आधीच्या एका शाळेत असं काही निघालं की पहिला प्रश्न यायचा, "तुमचे तास कोण घेणार?" इथे मुख्याध्यापकांनी विचारलं, "अम्मींची तब्येत कशी आहे?" तासांचं स्टाफरूममध्ये परस्पर ठरून गेलं होतं. मराठीच्या बाईंनी माझे वर्ग सांभाळले. त्यांना उर्दू लिपी येत नाही, तर मुलांकडूनच धडे मोठ्याने वाचून घेतले!

स्वामींच्या पुण्यतिथीला बाईंचं घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा त्यांचे तास मी घेते. हिशेब फिटला, असं मला वाटायचं.

मग सातवीला फातिमा शेख सांगताना अडखळले. १० ऑक्टोबर १८५६ चं सावित्रीबाईंचं पत्र आहे, माहेरी नायगावला आजारी असताना जोतिबांना लिहिलेलं. फातिमावर कामाचा भार पडला असणार आणि ती तोंडातून अक्षर काढणार नाही, हे त्यात आलंय. आपण फातिमाचं कौतुक करून पुढे जातो. मला या वेळी सावित्रीबाई दिसल्या. अंथरुणावर असूनही आपल्या जागी कोण राबतंय, हे त्यांच्या ध्यानात होतं. माझ्या नव्हतं.

त्या आठ दिवसांत बाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलेलं, हे मला शिपाईमामांकडून कळलं. वरच्या मजल्यावरचे त्यांचे तास मी मागून घेतले.

"राहू द्या हो आपा, चालतंय की."

"नाही चालत बाई. जिना चढताना पाहिलंय मी तुम्हाला."