अवैध पिनकोड

वेबसाइटवर अडकणाऱ्या माणसाला मुळातच कमी समजतं, असं मी बरीच वर्षं मानत होतो. हे मी कधी कुणापुढे बोललो नाही. पण पुण्यात बसून लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवताना माझ्या जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे ही समजूत होती. एखाद्या ग्राहकाची तक्रार आली की ऑफिसात माझा पहिला प्रश्न असायचा, "वय किती त्यांचं?" साठच्या पुढचं आहे असं कळलं की मी निश्चिंत व्हायचो. फॉर्म बरोबर आहे, माणूस चुकला. मग ठरलेला निरोप जायचा, पान रिफ्रेश करून बघा, नाहीतर दुसऱ्या ब्राउझरमधून करा. तुम्ही नेमके कुठे अडलात, हे मी एकदाही विचारलं नाही.

वाचन नव्हतं असं नाही. डॉन नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवरचं १९८८ सालचं पुस्तक माझ्या टेबलावर असायचं. दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही तर दोष दाराच्या रचनेचा, हे मी हाताखालच्या मुलांना शिकवायचो. वस्तू वापरता आली नाही की माणसं स्वतःलाच दोष देतात, हेही त्याच पुस्तकात वाचलं होतं. पाच माणसांना समोर बसवून वेबसाइट वापरायला दिली तरी बहुतेक अडचणी उघड होतात, हे जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं, तेही मला तोंडपाठ होतं. क्लायंटसमोर मी ते ठासून सांगायचो. आणि इतक्या वर्षांत मी स्वतः एकाही परक्या माणसाच्या शेजारी बसून त्याला माझं काम वापरताना पाहिलं नव्हतं. वेळ नाही, पैसे नाहीत, अशी कारणं द्यायचो. खरं म्हणजे मला भीती वाटायची. महिनाभर खपून केलेलं काम कुणीतरी पाच मिनिटांत गोंधळून बाजूला ठेवेल आणि ते आपल्याला उघड्या डोळ्यांनी बघावं लागेल, ही ती भीती.

२०२२ च्या हंगामाआधी देवगडकडच्या एका हापूस बागायतदारांचं काम आलं. त्यांना मी काका म्हणतो. घरच्याच बागेतला आंबा थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवायचा, दलाल मध्ये नको, एवढी त्यांची साधी गरज. मी त्यांना देखणी वेबसाइट करून दिली. वरच्या भागात आपोआप सरकणारी मोठी चित्रं होती. मोहोर, समुद्र, पाटीतले आंबे. खाली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, कारण गडद काळा रंग मला बटबटीत वाटायचा. सगळा मजकूर मराठीत, दर आणि डझनाचे आकडेसुद्धा देवनागरीत, ते मी मुद्दाम हौसेने केलं होतं. पेटी मागवायच्या आधी खातं उघडायचं, पासवर्ड ठरवायचा. जॅरेड स्पूल यांनी सांगितलेला तो प्रसिद्ध किस्सा मला ठाऊक होता. एका मोठ्या अमेरिकी दुकानाने 'नोंदणी करा' हे बटण काढून 'पुढे चला' असं बटण ठेवलं आणि विक्री एकदम वाढली. तरी मी खातं सक्तीचं ठेवलं. आंबा मागवणारा माणूस वर्षातून एकदा येतो, त्याला पासवर्ड कशाला हवा, हा प्रश्न मला पडला नाही.

काकांची एकच मागणी होती. फोन नंबर वर, ठळक दिसावा. मी नकार दिला. "नंबर वर ठेवला तर लोक फोनच करत बसतील, मग वेबसाइट कशाला?" असं मी त्यांना ऐकवलं आणि नंबर पार तळाला, 'संपर्क'च्या आत नेऊन ठेवला. काका गप्प बसले. मला वाटलं, पटलं. पुण्याचा जाणता माणूस सांगतोय, आपल्याला त्यातलं काय कळतं, म्हणून ते गप्प बसले होते, हे मला वर्षभराने समजलं.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "साइट बघतात बरेच जण, पण पेट्या फोनवरच जातात. कुठून कुठून नंबर हुडकून काढतात लोक." मी म्हणालो, "सवय लागेल हळूहळू."

अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी मी सदाशिव पेठेत आत्याकडे गेलो होतो. आत्याने ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझं शुद्धलेखन तिनेच सुधारलेलं. ती म्हणाली, "तू केलेल्या त्या साइटवरून यंदा मीच एक पेटी मागवते. बस, चहा घे, तोवर होईल." मी कौतुकाने बसलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या शेजारी बसून माझं काम वापरत होतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

फोन घेऊन ती खिडकीशी गेली. वरच्या चित्रावरचं वाक्य वाचायला लागली तेवढ्यात चित्र सरकलं. ती थांबली. तिन्ही चित्रं फिरून पहिलं परत आलं तेव्हा तिने राहिलेलं वाक्य पुरं केलं. मी म्हणालो, "अगं, ते नाही वाचलं तरी चालतं." ती म्हणाली, "मग लिहिलंय कशाला?" खातं उघडण्यात बराच वेळ गेला. चहा निवत गेला. मग नाव, आडनाव, पत्ता. आणि पिनकोड.

तिने ४११०३० भरला. खाली लाल अक्षरं आली, 'अवैध पिनकोड'.

तिने तो पुसला आणि पुन्हा भरला, या वेळी एकेक आकडा तोंडाने म्हणत. चार, एक, एक, शून्य, तीन, शून्य. पुन्हा तेच. चष्मा पुसला, पुन्हा भरला. पुन्हा तेच. मग ती उठली, कपाटाचा खण उघडला आणि विजेचं बिल काढून आणलं. ज्या घरात ती ४० वर्षं राहते आहे, त्या घराचा पिनकोड तिने बिलावर तपासून पाहिला. बिलावर बोट ठेवून एकदा इकडे, एकदा फोनकडे बघत राहिली.

"अवैध म्हणजे काय रे?" ती म्हणाली. "धंदा अवैध असतो, बांधकाम अवैध असतं. पिनकोड कसा अवैध होईल?" हे ती बाईंच्या आवाजात म्हणाली. लगेच आवाज खाली आला. "माझंच काहीतरी चुकत असेल. तूच भर बाबा." आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

फोनवर सहा आकडे स्वच्छ दिसत होते. पिनकोड बरोबर होता. तिच्या फोनचा कीबोर्ड मराठी होता, त्यामुळे आकडे देवनागरी उमटले होते, आणि मी लिहिलेली तपासणीची ओळ शून्य ते नऊ या इंग्रजी आकड्यांखेरीज काहीच ओळखत नव्हती. क्षणात माझ्या लक्षात आलं. तरीही माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते असं होतं, "अगं, इंग्रजी आकडे टाकायचे असतात."

"असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. उलट त्याच पानावर, त्याच रकान्याच्या दोन बोटं वर, दर आणि डझन देवनागरी आकड्यांत होते. ते मीच लिहिले होते. मी तिला तिच्या आकड्यांत किंमत सांगत होतो, आणि तिने त्याच आकड्यांत उत्तर दिलं की तिला चुकीचं ठरवत होतो. मराठी शिकवण्यात जन्म घालवलेली बाई मराठी पानावर मराठी आकडे लिहिते, यापेक्षा साहजिक दुसरं काय असू शकतं? आणि मी तिला स्वतःच्या घराच्या पत्त्याबद्दल शंका घ्यायला लावली. ते बिल तिच्या मांडीवर पडलेलं होतं. त्याच्याकडे मला बघवेना.

तिला काही कळत नाही असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. तिच्याजागी दुसरं कुणी असतं तर मी म्हणालो असतो, हे मात्र खरं. आजवर ज्यांना मी 'रिफ्रेश करून बघा' म्हणून वाटेला लावलं, त्यातल्या कितीजणांनी असंच उठून बिल काढलं असेल? कितीजणांनी 'माझंच चुकत असेल' म्हणत फोन मुलाच्या नाहीतर सुनेच्या हातात दिला असेल? ते मला कधी कळणार नाही. चुकणाऱ्याची नोंद माझ्याकडे होत होती. मी चुकवलेल्याची होत नव्हती.

त्या रात्री झोप लागली नाही. पिनकोडबद्दल वाचत बसलो. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावं, चुकलेले पत्ते, आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेली पाकिटं, यांतून पत्र नीट पोचावं म्हणून ते सहा आकडे आले. म्हणजे माणूस कोणत्याही भाषेत लिहो, त्याचं पत्र अडू नये यासाठी जी गोष्ट झाली, तिच्यावरच मी भाषेची अडवणूक केली होती. आत्या आयुष्यभर पाकिटांवर देवनागरी आकड्यांत पिनकोड घालत आली. ती पत्रं पोचत आली. टपालात पत्रं लावणाऱ्या माणसाला जे जमत होतं ते माझ्या प्रोग्रॅमला जमत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अंक सलग ओळीने बसलेले आहेत. ते इंग्रजी अंकांत बदलून घ्यायला दोन ओळी पुरतात. पहाटेपर्यंत मी त्या लिहिल्या.

मग आत्या खिडकीशी का गेली होती, हे आठवलं. उजेडासाठी. साध्या आकाराची अक्षरं आणि मागची जागा यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा, असा वेबच्या सुलभतेचा जगभर मानला जाणारा निकष आहे. माझा राखाडी रंग मोजला. त्यात बसत नव्हता. हे मोजायला अर्धं मिनिट लागतं. मी ते कधीच मोजलं नव्हतं.

मे महिन्यात मी देवगडला गेलो. फोनवर येणाऱ्या ऑर्डरी काकू एका लांब वहीत लिहितात, आणि लोकांनी काय विचारलं तेही बाजूला दोन शब्दांत टिपतात. ती वही मी मागितली. "कसली वही बघताय, माझं अक्षर बघा," म्हणत त्यांनी दिली. ओसरीवर बसून मी ती पानं उलटत गेलो. 'पिकेल कधी', 'पिकेल कधी', 'आमच्याकडे येते का', 'फळ केवढं', 'पिकेल कधी'. हापूस तयार पण टणक असतानाच उतरवतात, पेंढ्यात घालून पेटी भरतात, घरी गेल्यावर तो पिकायला काही दिवस जातात. घरात शुक्रवारी पाहुणे यायचे असतील तर पेटी कधी मागवायची, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. माझ्या वेबसाइटवर समुद्र होता, मोहोर होता, या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लोक फोन करत होते ते सवय म्हणून नव्हे. मी जे सांगायला विसरलो ते काकू सांगत होत्या.

पुढच्या हंगामाला सरकणारी चित्रं गेली. तिथे आता पेट्या कोणत्या तारखेला निघतात आणि फळ अंदाजे किती दिवसांत खायला येतं ते लिहिलेलं असतं. पिनकोड अगदी सुरुवातीला विचारतो, म्हणजे जिथे पेटी पोचणारच नाही तिथल्या माणसाला शेवटपर्यंत सगळं भरून मग नकार ऐकावा लागत नाही. खातं नाही, पासवर्ड नाही. नावासाठी एकच रकाना, कारण प्रत्येकाला आडनाव असतंच असं नाही आणि असलं तरी आंबा पाठवायला ते वेगळं लागत नाही. 'जवळची खूण' असा रकाना आला. मोबाइल नंबर मध्ये जागा सोडून लिहिला, आधी शून्य घातलं, तरी चालतो. ते नीट करून घेणं माझं काम. 'अवैध' हा शब्द मी सगळ्या पानांवर शोधून शोधून काढला. त्या जागी 'पिनकोडमध्ये सहा आकडे असतात, इथे पाचच दिसताहेत' असं, जे झालं आहे ते सांगतो, आणि आधी भरलेलं काही पुसलं जात नाही.

फोन नंबर वर आणायला मात्र मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाकीच्या चुका हातून झालेल्या होत्या, ही मी वाद घालून केलेली होती. शेवटी काकांना फोन करून म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं, मी ऐकून घ्यायला हवं होतं." ते म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं," आणि लगेच पावसाचं बोलायला लागले.

आता दर हंगामात मी तीन दिवस त्यांच्या ओसरीवर राहतो आणि काकूंऐवजी फोन मी घेतो. यंदा दुसऱ्या दिवशी ठाण्याहून एका बाईंचा फोन होता. पेटी लेकीच्या सासरी पाठवायची होती. "सगळं भरून झालं हो," त्या म्हणाल्या, "पण पेटीसोबत बिल जाणार का तिकडे? किंमत दिसायला नको त्यांना." फॉर्ममध्ये तशी सोय नव्हती. मी त्यांना थांबायला सांगितलं, काकूंकडून वही मागून घेतली आणि तारीख घालून त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला.