जाड पुस्तकाचा मोह

वर्धेच्या काठी कौंडण्यपूरला एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. घरचा मुलगा अंतिम वर्षाला. म्हणाला, "फादर, विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. माझ्या जुन्या संगणकावर नवे विंडोज चालत नाही, दुसरा घेण्याची ऐपत नाही. लिनक्स शिकायचे, तर पुस्तक कोणते घेऊ?"

मला माझी फजिती आठवली. दुकानातला सर्वांत जाड ग्रंथ मी उचलला होता. छपाईचे वर्ष पाहिलेच नाही. पुस्तकातली चित्रे आणि माझा पडदा यांचा मेळ बसेना. पैसे गेले, उमेदही गेली.

त्याला म्हटले, "आधी पैसे खर्चू नकोस. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मोफत आहेत, कित्येक मराठीतही. नंतर विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' वाच. त्याची पीडीएफ लेखकानेच मोफत दिली आहे. अडलास तर 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचे नाव टाक. माहिती यंत्रातच असते. मात्र आधी कागदपत्रांची प्रत काढ, आणि उबुंटू पेनड्राइव्हवरून चालवून पाहा."

फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले, तेव्हा इथली भाषा शिकायला त्यांच्या हाती छापील व्याकरण नव्हते. तरीही १६१६मध्ये त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले. भाषा त्यांनी माणसांकडून घेतली.

म्हणून निघताना त्याला एकच अट घातली: तू शिकलास की शेजारच्या एकाला शिकव. पहिला विद्यार्थी म्हणून मी माझेच नाव दिले.