सो, गड्या, सो!

आमच्या लोणारात पाहुणा आला, की त्याला आधी चहा आणि मग सरोवर, ही रीत माझ्या जन्माआधीपासूनची आहे. चहा कोणाच्याही घरी मिळतो. सरोवर दाखवण्याचे काम मात्र गावाने गेली चाळीस वर्षे माझ्या गळ्यात घातले होते. शाळेत भूगोल शिकवला, त्याची ही शिक्षा! काठावर उभे राहायचे, हात पसरायचा आणि सांगायचे : "हे पाहा, आकाशातून आलेल्या धोंड्याने काळ्या कातळात पाडलेला खड्डा. रुंदी पावणेदोन किलोमीटरांहून थोडी जास्तच. पाणी खारट. असल्या खड्ड्याच्या जिवावर जगणारे गाव जगात दुसरे नाही!"

यातले शेवटचे वाक्य कोणत्याच पुस्तकातले नव्हते. ते माझे स्वतःचे होते, आणि नेमके तेच खोटे निघाले. ते कसे निघाले, आणि त्याच्याबरोबर माझ्या पदरचे आणखी काय उघडे पडले, ते आज सांगायचे आहे.

मला खोटे पाडणारा माणूस परका नव्हे. पहिलीच्या वर्गात माझ्याशेजारी पाटी घेऊन बसलेला तो माझा मित्र. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पन्नास वर्षांत मी त्याला नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. मी त्याला 'गड्या' म्हणतो आणि तो मला 'मास्तर'. धारेवर गोमुखाखाली आम्ही एकत्र अंघोळी केल्या, सरोवराच्या रानातली कच्ची सीताफळे एकत्र तोडली आणि त्यापायी एकत्र मार खाल्ला. भांडण झाले, की सरोवराकाठच्या पायवाटेने एकाने डावीकडून जायचे आणि दुसऱ्याने उजवीकडून. तळे गोल! कितीही तणतणत गेले, तरी कुठेतरी समोरासमोर यावेच लागे. बहुतेक वेळा दमून-भागून आम्ही कमळजादेवीच्या देवळापाशी भेटायचो आणि तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीवर पाणी पिऊन समेट करायचो.

पुढे तो बँकेत लागला, बदल्यांमागे विदर्भभर हिंडला आणि निवृत्त होऊन पुन्हा लोणारात आला. एकुलता एक मुलगा इंजिनियर होऊन जर्मनीत म्युनिकला गेला. मग वहिनी गेल्या. तेव्हापासून तो उन्हाळ्याचे तीन महिने मुलाकडे काढू लागला. दोन वर्षांमागे तिकडूनच त्याचा फोन आला.

"मास्तर, पासपोर्ट काढ. मे महिन्यात आठ दिवस ये. तुले एक गाव दाखवायचं आहे."

मी म्हणालो, "गाव पाहायला युरोपात कशाला? मेहकर काय वाईट आहे?"

परंतु घरात माझे कोण ऐकतो! सौभाग्यवती म्हणाली, "जा की एकदा. सरोवर काही आठ दिवसांत आटत नाही." झाले! पेन्शनीतून साठवलेले पैसे काढले, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधला आणि जालन्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून मी एकदाचा आकाशात उडालो.

म्युनिकचे वर्णन करत बसत नाही. मोठी शहरे मला सगळीकडे सारखीच दिसतात. माणसे घाईत आणि म्हातारे बाकांवर! तिसऱ्या दिवशी सकाळी गड्याने मला आगगाडीत बसवले. डोनाऊवर्थ नावाच्या स्टेशनावर गाडी बदलली, डॅन्यूब नदी ओझरती पाहिली आणि दोनेक तासांत नॉर्डलिंगेन नावाच्या एका चिमुकल्या गावी उतरलो. दोन रात्रींचा मुक्काम होता. गावाला चहूबाजूंनी दगडी तट आणि पाच वेशी. आत उतरत्या छपरांची घरे, तांबड्या कौलांची. आमची खोली तटाच्या आतच होती.

"गाव छान आहे," मी म्हणालो, "पण एवढ्यासाठी मला सात समुद्र ओलांडायला लावलेस?"

"आधी चढ," असे म्हणून त्याने बोट वर केले.

गावाच्या मधोमध सेंट जॉर्जचे जुने चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याला गावकरी लाडाने 'डॅनियल' म्हणतात. उंची सुमारे नव्वद मीटर आणि पायऱ्या साडेतीनशे. वाटेत तीनदा बसलो. माझे गुडघे मराठीतून आणि त्याचे गुडघे बहुधा जर्मनमधून तक्रार करत होते. अखेर वर पोचलो. खाली तांबड्या छपरांचे बांगडीसारखे गोल गाव. तटाबाहेर मोहरीसारख्या फुलांची पिवळीधमक शेते आणि हिरवा गहू. त्यांच्याही पलीकडे, जिकडे पाहावे तिकडे, क्षितिजावर झाडीने भरलेल्या टेकड्यांचे कडे.

मी एकदा सगळीकडे फिरून पाहिले. मग दुसऱ्यांदा फिरलो. अंगावर काटाच आला.

"गड्या, हा काठ आहे!"

"हाव," तो शांतपणे म्हणाला. "आपण खड्ड्यात उभे आहोत, मास्तर. चोवीस किलोमीटर रुंदीचा खड्डा. धोंडा पडला त्याले दीड कोटी वर्षं झाली."

चाळीस वर्षे पाहुण्यांपुढे ठोकलेले माझे वाक्य त्या मनोऱ्यावरून खाली पडले ते पडलेच. आमच्या लोणारसारखी बारा-तेरा सरोवरे ओळीने मांडली, तेव्हा कुठे या खड्ड्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला पोचता येईल. लेकाच्याने मला जर्मनीत आणून हरवले होते!

रात्री जेवणानंतर आम्ही चर्चपुढच्या चौकात बसलो. मे महिन्यात तिकडे नऊपर्यंत उजेड रेंगाळतो. दहा वाजले आणि वरून मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याची लांबलचक आरोळी आली : "सो, ग्झेल, सो!" दर अर्ध्या तासाने, मध्यरात्रीपर्यंत, रोज ही आरोळी देण्याचा तिथे प्रघात आहे. गड्याने तिची कथा सांगितली. १४४० साली म्हणे शेजारच्या सरदाराने गावावर डोळा ठेवून वेशीच्या पहारेकऱ्यांना फितवले आणि रात्री वेशीचे दार नुसते लोटून ठेवायला लावले. त्याच वेळी एक बाई नवऱ्यासाठी बियर घेऊन चालली होती. एक डुक्कर वेशीच्या दाराला अंग घासू लागले आणि दार हलले! बाईने ते पाहून "सो, ग्झेल, सो!" असा ओरडा केला, आणि गाव वाचले. कथेचे खरेखोटे मला ठाऊक नाही. पण आरोळीचा अर्थ विचारला, तेव्हा गड्या हसला.

"ग्झेल म्हणजे सोबती, जोडीदार. आपल्या भाषेत सांगायचं तर, अस्सं, गड्या, अस्सं!"

दुसऱ्या दिवशी त्याने मला तिथल्या खड्ड्याचे संग्रहालय दाखवले. १९९० साली एका जुन्या कोठारात ते उघडले आहे. माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तराला ती मेजवानीच होती. हा खड्डा ज्वालामुखीचा, असे तिकडचे विद्वानही पुष्कळ काळ समजत होते, कारण इथला खडक राखेच्या खडकासारखा दिसतो. १९६० च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना त्यात कोएसाइट सापडले. गारगोटीचे हे रूप अचाट दाबाखालीच तयार होते. म्हणजे आकाशातला धोंडाच! आमच्या सरोवराचेही असेच झाले. चहूकडे ज्वालामुखीचा कातळ, तेव्हा तोंडही ज्वालामुखीचेच असणार, असा पुष्कळांचा तर्क होता. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी धडकेच्या खुणा दाखवून दिल्या, तेव्हा वाद मिटत आला. १९७० साली अपोलो १४ चे चांद्रवीर याच नॉर्डलिंगेनच्या परिसरात दगड ओळखायला शिकले. त्या मोहिमेत शेपर्ड आणि मिचेल चंद्रावर उतरले ते पुढच्या वर्षी. संग्रहालयात चंद्रावरचा खराखुरा दगड काचेत ठेवला आहे. आणि जे चर्च आम्ही आदल्या दिवशी धापा टाकत चढलो, त्याच्या दगडांत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरे आहेत म्हणे! खडकातल्या ग्रॅफाइटला धडक बसली आणि त्याचे हिरे झाले.

पण माझे पाय खिळले ते वेगळ्याच तक्त्यापुढे. या खड्ड्यातही एकेकाळी सरोवर होते. आणि तेही आमच्यासारखेच खारे! लक्षावधी वर्षे ते गाळाने भरत राहिले आणि संपले. आज त्याच्यावर गहू डोलतो आहे.

"म्हणजे गड्या, आपलंही..."

"आपलं पोरगं आहे अजून," तो म्हणाला. "आपण शिकलो तेव्हा पन्नास हजार वर्षांचं होतं. आता पाच लाख सत्तर हजारांचं म्हणतात. तरी पोरगंच. पण मास्तर, एक दिवस पाणी जातंच. मग माणसं तिथे शेती करतात. त्यात काही वाईट नाही."

त्याच्या बोलण्याचा रोख तेव्हा मला कळला नाही.

संध्याकाळी आम्ही तटावर चढलो. वर लाकडी छपराची वाट आहे. तिच्यावरून साऱ्या गावाला प्रदक्षिणा घालता येते. अंतर पावणेतीन किलोमीटरांच्या आतबाहेर. लोप्सिंगर वेशीपाशी तो थांबला आणि कठड्यावर हात टेकून म्हणाला, "मी घर विकून रायलो. शेतही. आता इकडेच राहणार."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटले ते नको ते फुटले. मी म्हणालो, "हे सांगायला मला इथे आणलंस? वहिनींनी लावलेली तुळस विकणार? वडिलांनी विहीर खणलेलं शेत विकणार? पोराच्या दारी राहणार, जिथे शेजाऱ्याशी बोलायला शब्द नाही?"

"लोणारात सांगितलं असतं, तर तू मले सरोवराच्या काठावर नेऊन उभं केलं असतं," तो म्हणाला. "मग माझ्यानं बोलवलं नसतं."

"गाव सोडून पळणाऱ्याला काठ कशाला लागतो?" मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो, ते देव जाणे. तो काही न बोलता उजवीकडे वळला. मी डावीकडे तरातरा निघालो.

त्या तटावर मी पहिला अर्धा किलोमीटर रागाने चाललो. पुढचा अर्धा नुसता चाललो. खालच्या घरांत एकेक दिवा लागत होता. खिडकीत कोणी ताटे मांडत होते, कोणी लेकराला हाका मारत होते. आणि मला, का कोण जाणे, लोणारातले त्याचे घर दिसू लागले. माझ्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर. वहिनी गेल्यापासून मी तिथे संध्याकाळचा किती वेळा गेलो होतो? सकाळी भेट व्हायची, ती रस्त्यात. संध्याकाळी मला नातवंडांचा अभ्यास, देवळातला हरिपाठ, आणि कोणी पाहुणा आला तर सरोवर! परक्या माणसाला सरोवर दाखवायला मला तास-तास वेळ होता.

बेर्गर वेशीच्या आसपास तो समोरून येताना दिसला. तट गोल आहे, दुसरे काय होणार! दोघेही दमलो होतो. तिथेच एका फळीवर बसलो. बराच वेळाने तोच बोलला.

"मास्तर, गावात मला काही कमी नाही. फक्त सहा ते नऊ. दिवा लावायचा, आणि कोणासाठी लावला ते कळत नाही. इथे नातू विचारतो, आजोबा, आज काय गोष्ट? तोडकंमोडकं मराठी बोलतो. पण विचारतो."

त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. मी म्हणालो, "चुकलो, गड्या. तुझ्याकडे यायला पाहिजे होतं."

"जाऊ दे ना बे," तो म्हणाला. "चटणी उरली काय?"

उरली होती. खोलीवर येऊन आम्ही ती जर्मन पावाबरोबर खाल्ली. दहाच्या ठोक्याला वरून आरोळी आली, आणि खिडकीतून तोंड काढून म्हाताऱ्या गड्याने तिला उत्तर दिले. खालून जाणाऱ्या एका बाईने दचकून वर पाहिले.

त्याच दिवाळीनंतर घराचा व्यवहार झाला. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सही करताना हात थरथरला, पण केली. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे सरोवरात उतरलो, देवीला नारळ फोडला आणि काठाने चाललो. या वेळी दोघेही एकाच बाजूने.

आता रोज रात्री साडेनवाला माझा फोन वाजतो. हिवाळ्यात साडेदहाला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा असतात. बोलण्यासारखे रोज काय असणार? पाऊस किती झाला, सरोवराचे पाणी कुठवर आले, नातवाने कोणता नवा शब्द उचलला. कधी दोन मिनिटे, कधी अर्धा तास. पण फोन उचलताच मी पहिल्यांदा ओरडतो : "सो, गड्या, सो!"

त्याच्या घरात आता नवे बिऱ्हाड आले आहे. दोन लहान मुले आहेत. वहिनींची तुळस त्यांनी ठेवली आहे. मी संध्याकाळी मुद्दाम त्या वाटेने जातो. दिवा लागलेला असतो. मुलांनी मला ओट्यावर बसवून घ्यायला सुरुवात केली आहे. परवा धाकट्याने विचारले, "आजोबा, आपल्या सरोवरासारखं जगात दुसरं गाव आहे का हो?"

मी म्हटले, "आहे. बस, सांगतो."